वय वाढताना बायकांना स्वतःच्या शरीराबद्दल नेमकं काय वाटतं?

ताई, तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की वय ४८ आहे, पाळी वर्षभरापासून मागेपुढे होते आहे, पोट सुटलंय आणि घरच्या फोटोत हल्ली तुम्ही मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहता. शेवटी विचारलंय की याचं वाईट वाटणं म्हणजे नुसता नटवेपणा आहे, की सगळ्याच बायकांचं असं होतं. नागपूरच्याच आहात हेही लिहिलंय, म्हणून जरा मोकळेपणाने उत्तर देते.

नटवेपणा नाही. वाईट जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, फक्त प्रत्येकीला ते वेगळ्या जागी टोचतं.

मी डॉक्टर नाही. कमाल चौकाच्या बाजूला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वय ५७, लग्न झाल्यापासून हेच काम करते. माप घेताना पदर बाजूला करावाच लागतो, त्यामुळे बाई शिवणारीशी जे बोलते ते कधीकधी सख्ख्या बहिणीशीही बोलत नाही. एकाच बाईचं माप मी तिच्या साखरपुड्याला घेतलं, बाळंतपणानंतर घेतलं आणि आता तिच्या मुलीच्या लग्नाला घेते आहे. मापाच्या जुन्या वह्या मी फेकलेल्या नाहीत. तुमच्या प्रश्नावर मला जे सांगायचंय ते सगळं याच कामातून आलेलं आहे.

टेप पोटाभोवती गेला की बाई श्वास आत ओढते. वय कितीही असो, चाळिशीची असो की पासष्टीची. मी थांबते, ती श्वास सोडेपर्यंत आकडा लिहीत नाही. मग ती म्हणते, "खूप वाढली नं मी," नाहीतर "हसू नका हो ताई." मला हे फार लागतं. कापड तिचं, पैसे तिचे, अंग तिचं, आणि जणू काही गुन्हा केल्यासारखी ती माझ्यासमोर ओशाळते. अंगाची अशी माफी मागणारा पुरुष मी माझ्या शेजारच्या टेलरच्या दुकानात आजवर पाहिला नाही. तो पोटावर हात फिरवतो आणि म्हणतो, कंबर दोन इंच सैल ठेवा.

आणि हे फक्त जाड बायकांचं आहे असं समजू नका. शुगर निघाल्यावर एक काकू इतक्या वाळल्या की गळ्याची हाडं दिसायला लागली. लोक त्यांना विचारायचे, "काऊन जी, सून खाऊ घालत नाही का?" त्यांनी बंद गळा आणि कोपरापर्यंत बाही मागितली. त्याच आठवड्यात दुसरी एक आली, तिला दंड जाड झाल्याची लाज वाटत होती. तिनेही कोपरापर्यंतच बाही सांगितली. मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि दोघींनाही हात झाकायचे होते. तेव्हापासून मला कळतं की कुणाचं अंग किती, याच्याशी या वाईट वाटण्याचा फारसा संबंध नाही.

आता अंगात खरोखर काय बदलतं ते सांगते, कारण बायका याचा सगळा दोष स्वतःकडे घेतात. "मी तर दोन पोळ्यांच्या वर खात नाही, तरी सुटून राहिली," हे वाक्य माझ्या दुकानात रोजचं आहे. ती खोटं बोलत नसते. पाळी जायच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, आणि आधी मांड्यांवर, नितंबांवर बसणारी चरबी पोटावर बसायला लागते. त्यात तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, म्हणजे तेवढंच खाऊनही अंगावर जास्त चढतं. काट्यावर वजन तेच दिसत असलं तरी ब्लाउजची खालची पट्टी आवळायला लागते. आपल्याकडे सरासरी ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. सलग १२ महिने आली नाही की गेली असं धरतात. म्हणजे तुमचं जे चाललंय ते अगदी वेळेवर चाललंय.

छातीचंही तसंच आहे. आतल्या दुधाच्या ग्रंथी कमी होतात, त्यांची जागा चरबी घेते, घट्टपणा जातो. शिवणाऱ्या बाईला हे टकावर दिसतं. टक म्हणजे ब्लाउजला छातीपाशी उभार देणारी ती चिमटीसारखी शिवण. पंचविशीत टकाचं टोक जिथे होतं तिथून ते पन्नाशीत इंच-दीड इंच खाली घ्यावं लागतं. पण बहुतेक जणी मापाला जुना ब्लाउज आणून देतात. "याच्यासारखाच शिवा, फक्त सैल करा." मग घेर वाढतो आणि टक तिथेच राहतो. वरती कापड फुगतं, खाली दाटतं, आरशात बघून बाई म्हणते, माझं अंगच बेढब झालं. अंग बेढब नसतं, टक चुकीच्या जागी असतो. तुम्ही शिवायला टाकाल तेव्हा जुना ब्लाउज देऊ नका, अंगावरून माप घ्यायला लावा. श्वास सोडून उभ्या राहा. एवढ्यावरून आरशासमोर रडत आलेल्या बायका दुसऱ्या ट्रायलला हसताना मी पाहिल्या आहेत. त्यांचं सगळं दुःख काही त्याने जात नाही, पण अंगावर नीट बसलेला कपडा ही लहान गोष्ट नाही.

साठीनंतर पाठीचं माप बदलतं, आणि या मापाकडे मी सगळ्यात बारकाईने बघते. बाई जरा वाकायला लागली की मागची उंची वाढते, पुढची कमी होते आणि ब्लाउज मागून वर उचलला जातो. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं फार वेगाने विरळ होतात. पुढे मणके दबतात, उंची घटते, साडी पायात यायला लागते. बाईला वाटतं साडीच खाली नेसली गेली. कुणाची पुढची उंची अर्धा इंच कमी करावी लागली की मी टेप गळ्यात टाकून सरळ विचारते, हाडांची तपासणी केली का? पुष्कळ जणींना त्याआधी हे कुणी विचारलेलं नसतं. त्यांचं पोट किती सुटलं हे मात्र गल्लीतल्या प्रत्येकाने सांगितलेलं असतं.

नागपूरच्या बायकांचं एक जास्तीचं दुखणं म्हणजे उन्हाळा. नवतपा लागला की सगळ्यांच्याच अंगाची लाही होते, त्यामुळे पाळी जातानाची गरमी वेगळी आहे हे कितीतरी जणींना उशिरा कळतं. कूलरसमोर बसलेली असते, वाळ्याच्या ताट्या ओल्या असतात, आणि तरी छातीपासून मानेपर्यंत, मग चेहऱ्यावर एकदम आग चढते, घाम सुटतो, काही मिनिटांनी उलट थंडी वाजते. हिवाळ्यात सकाळी अख्खं घर स्वेटर घालून बसलेलं असताना ही पंखा लावते, तेव्हा कुठे लक्षात येतं. मेंदूतली तापमान सांभाळणारी जागा इस्ट्रोजेन घटल्यावर फार हळवी होते. अंग जरासं तापलं तरी तिला वाटतं खूप तापलं, आणि ती त्वचेकडचं रक्त वाढवून, घाम काढून उष्णता बाहेर टाकायला लागते. हा काही मनाचा खेळ नव्हे. काहींना हे वर्षानुवर्षं चालतं, आणि फार असेल तर डॉक्टरांकडे त्यावर औषध असतं. माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करते. अशा बाईला पॉलिस्टरचं अस्तर लावत नाही. सुती मलमल लावते, काखेत सैल ठेवते, हुक पुढे देते.

ऑपरेशनबद्दलही दोन शब्द. "कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पोट सुटलं," असं दर दोन-चार जणींमधली एक तरी म्हणते. त्या ऑपरेशनात फक्त नळ्या बंद करतात, अंडाशय आपलं काम करत राहतं. पोट सुटतं ते बाळंतपणात ताणलेल्या स्नायूंमुळे आणि वयामुळे. पिशवी काढण्याची गोष्ट मात्र वेगळी. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर हा सगळा बदल एकदम अंगावर येतो, पस्तिशीतल्या बाईच्याही. "काय कामाची आता पिशवी, काढून टाका," असं कुणी सहज म्हणालं तर हे विचारून घ्यावं की अंडाशय ठेवणार की नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्यावं.

एका ताईंबद्दल लिहिते. नाव-गाव सांगत नाही. दुपारी दोनला आल्या, जेव्हा दुकानात कुणी नसतं. कॅन्सरमध्ये एक बाजूची छाती काढलेली. उभ्या राहिल्या, पदर काढला आणि भिंतीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एका बाजूनं काही भरून देता येईल का?" मी ब्लाउजच्या आतून सुती कापडाचा खिसा शिवला आणि त्यात बसेल अशी कापसाची वाटी केली. पहिली वाटी हलकी झाली, हात वर केला की सरकून वर यायची. मग तिच्या तळाशी मोहरीची छोटी पुरचुंडी शिवून घातली, म्हणजे वजनाने जागेवर राहील आणि धुताना काढता येईल. ट्रायलच्या वेळी त्यांनी दोनदा पदर घेतला, सोडला, परत घेतला. मग सांगितलं की घरात सगळे म्हणतात जीव वाचला हेच मोठं, आता असल्या गोष्टींचं काय घेऊन बसलीस. "जीव वाचला हे मला ठाऊक आहे हो. पण या बाजूनं पदर सारखा घसरते, मला त्याचा राग येते. रोज येते."

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. जीव वाचल्याचा आनंद आणि पदर घसरल्याचा राग, दोन्ही एकाच बाईला एकाच वेळी होऊ शकतात. बायकांनी शरीराबद्दल काही म्हटलं की आपण लगेच त्यांना मोठं काहीतरी दाखवून गप्प करतो. मुलं चांगली निघाली नं, नवरा चांगला आहे नं, हातपाय चालतात नं, मग झालं तर. तुम्हालाही कुणी असं म्हटलं असेल. वाईट वाटणं त्याने थांबत नाही, बाई फक्त बोलायची थांबते.

माझी आजी बिडी वळायची. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. आजी त्या गर्दीत होती. बाबासाहेबांनी तिथे बायकांना सांगितलं की स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देऊ नका. आजी म्हणायची, आमच्या अंगाला काय लागते हे पहिल्यांदा कोणी आमच्याशी बोललं. ती आरशात तोंड फारसं पाहायची नाही. बोटं पाहायची. "बोटं चालतात तोवर मी म्हातारी नाही." लहानपणी मला ते फार थोर वाटायचं. पण पुढे तिची बोटं आखडली तेव्हा ती अगदी कोसळली, खायचं सोडलं, मी आता कायच्या कामाची म्हणाली. शरीर म्हणजे फक्त काम, असं मनात बसलेल्या बाईलाही म्हातारपण तेवढंच कापतं. आईचंही तेच झालं. चार घरची धुणीभांडी करून गुडघे गेले, पण शेवटपर्यंत काठी घेतली नाही, कारण लोक काय म्हणतील. म्हणून कष्टकरी बायकांना असली दुःखं नसतात असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. आमच्याकडे ते गुडघ्यात आणि बोटांत असतं, एवढंच.

दसऱ्याच्या आधी माझ्याकडे पांढऱ्या ब्लाउजांची रांग लागते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचं तर पांढरी साडी हवी. आणि पांढऱ्या कापडात काही लपत नाही. घामाचा डाग दिसतो, आतली पट्टी दिसते, पाठीवरची वळी दिसते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका म्हणतात, डबल अस्तर लावा, मागचा गळा वर घ्या, खाली लांबवा. सत्तरीच्या पुढच्या बायकांच्या मागण्या एकदम वेगळ्या. हात वर गेला पाहिजे. काखेत आवळायला नको. हुक मोठे लावा, बोटांना बारीक हुक लागत नाही. आणि आतून खिसा लावून द्या, मोबाइल आणि पैसे गर्दीत खिशातच बरे. हे म्हणजे त्यांनी नटणं सोडलं असं नाही. त्यांच्यातल्या एकींनी तर मला दोन वेळा कापड बदलायला लावलं. निळसर पांढरा नको, माझ्या रंगाला मोतिया शोभते, म्हणाल्या.

त्या १९५६ साली आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर आलेल्या. मी त्यांना तुमचाच प्रश्न विचारला होता, की पन्नाशीत तुम्हाला वाईट वाटलं नव्हतं का? म्हणाल्या, "लय वाटलं. रस्त्यानं जाताना कोणी पाहतच नव्हतं माय, तरणी असताना किती पाहायचे. पहिले त्याचंच वाईट वाटलं. आता त्याचंच बरं वाटते." किती वर्षं लागली विचारलं तर हसल्या, सांगितलं नाही. सगळ्यांचंच असं बरं होतं असा शब्द मी तुम्हाला देणार नाही. काहींचं होत नाही. पण मधली ही चार-पाच वर्षं, ज्यात तुम्ही आत्ता आहात, ती माझ्या अनुभवात सगळ्यात कठीण असतात, आणि पुढे बहुतेकींचा श्वास टेपखाली आपोआप सैल होतो.

लोक बोलतात त्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण फोटोत मागे उभं राहण्याचं मूळ तिथेच असणार. लग्नात, हळदीकुंकवाला पहिलं वाक्य अंगावरच येतं. "किती सुटलीस गं!" म्हणणारीला वाईट हेतू नसतो, तिची स्वतःची साडीही आतून पिनांनी आवळलेली असते. माझ्या दुकानात मी हे चालू देत नाही. आई मुलीला म्हणाली किंवा जाऊ जावेला म्हणाली तरी सांगते, "अंगाचं राहू द्या, तब्येत कशी आहे ते विचारा." बहुतेक जणी त्यावर खरंच तब्येतीचं बोलायला लागतात.

तब्येतीचं तुमच्यासाठी लिहिते, कारण लाजेपायी बायका नेमकं हेच सांगत नाहीत. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर शुगर आणि बीपी तपासा, दिसण्यासाठी नाही तर त्या पोटाच्या चरबीचा हृदयाशी संबंध असतो म्हणून. वजन अचानक वाढलं किंवा उतरलं तर थायरॉइडही बघा. पाळी पूर्ण गेल्यावर कधी एक डाग जरी पडला तरी लगेच दाखवा, थांबू नका. छातीत गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, तरी तसंच. जवळीक दुखायला लागली असेल तर कोरडेपणावर डॉक्टरांकडे मलम मिळतं, सोसत बसायची गरज नाही.

आणि शिंकलं, खोकलं, हसलं की लघवी निघते, हे. यापायी लग्नाला जाणं सोडलेल्या, पांढरी साडी सोडलेल्या बायका मला ठाऊक आहेत. घरी कुणालाच माहीत नसतं, मला माहीत असतं, कारण त्या गडद रंगाचाच परकर मागतात. ओटीपोटाच्या खालचे स्नायू, लघवी रोखताना जे आवळतो ते, दिवसातून तीन वेळा थोडे थोडे आवळून सोडायचे. दोन-तीन महिने नेमाने केलं की पुष्कळ जणींना फरक पडतो. कसं करायचं ते एकदा नीट शिकून घ्यावं लागतं. डागा, मेडिकल, मेयो, नागपूरच्या या तिन्ही सरकारी दवाखान्यांत बायकांच्या डॉक्टर बसतात. ओपीडी सकाळची असते, त्यामुळे घरचं आवरून जाऊ म्हणत बसू नका, चहा झाला की निघा. तुमची पाळी वर्षभर मागेपुढे होते आहे, तर त्याच फेरीत हिमोग्लोबिनही करून घ्या.